यात्रेतील मुक्काम : गाडी सोडण्याची व बिऱ्हाड आवरण्याची रीत

कापसाचे पहिले वेचे घरात आले व तुरीच्या शेंगा भरू लागल्या म्हणजे आमच्या वऱ्हाडातील शेतकऱ्यास यात्रेचे वेध लागतात. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या बहिरमची यात्रा २० डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीअखेरपर्यंत चालते. अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांतील कुटुंबे तेथे राहुट्या देऊन मुक्काम करतात. पौषातील रविवारी पूर्णेकाठी ऋणमोचन व कार्तिकात वर्धेकाठी कौंडण्यपूर येथेही माणसांची अशीच दाटी होते. महसूल खात्यात कारकुनी करीत असता यात्रांच्या बंदोबस्ताच्या कामी आम्हांस वारंवार जावे लागले. तेथे जे पाहिले व स्वतः जे भोगले, त्यावरून चार गोष्टी वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम जागा. पायथ्याची जमीन मुरमाड असते. तेथे मेख कष्टाने शिरते, पण शिरल्यावर हलत नाही. पूर्णेकाठची काळी जमीन याच्या उलट. ओली असता मेख सैल पडते व चाक रुतते. नदीच्या वाळूत तर मेख धरतच नाही. तेथे वाळू भरलेले पोते पुरून त्यास तणावा बांधावा. खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट, म्हणून पिण्याचे पाणी घरूनच न्यावे.

आता वाहन उभे करण्याविषयी. दोन चाकांची बंडी म्हणजे एक तराजूच होय. आख ही तिची मध्याची काडी. बैल जुंपलेले असताना जू बैलांच्या मानेवर टेकलेले असते व तोल राहतो. बैल सोडले की तोल केवळ ओझ्यावर राहतो. पुढचे सामान आधी उतरविले तर मागील भार वाढून गाडी उलाळते. ही साधी गोष्ट न कळल्याने आमच्याच घरी अनर्थ झाला. एका वर्षी रात्री उशिरा पोहोचलो, घाईने धुऱ्याखाली एकच टेकू दिला व बैल सोडले. आम्ही पुढची पोती उतरवीत असता मुले मागून चढली. गाडी मागे कलंडली, टेकू उडाला व आमच्या वडील भगिनीच्या नडगीवर बसला. हाड मोडले. देवदर्शन राहिले बाजूला. ती यात्रा आम्ही परतवाड्यास दवाखान्यात काढली. बाई आजही थंडीत लंगडतात.

म्हणून क्रम असा ठेवावा. गाडी सपाट जागी आणावी. दोन्ही चाकांस पुढून व मागून दगडाची उटी लावावी. मागील बाजूस एक टेकू व धुऱ्याखाली दुसरा टेकू द्यावा. मगच बैल सोडावे. मुले व बायका तोवर दूर उभ्या राहाव्यात. दमणी हलकी असली तरी तिलाही हाच नियम.

हल्ली बंडीची जागा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने घेतली आहे. दोन चाकी ट्रॉलीचा स्वभाव बंडीचाच, भार मात्र कितीतरी अधिक. तिच्या पुढील पायाखाली जाड फळी घालावी. वीट फुटते व नुसत्या मातीत पाय रुततो. चाकांस उटी लागल्यावाचून जोडाची खीळ काढू नये. चार चाकी ट्रॉली उलाळत नाही, परंतु उतारावर घरंगळते. ट्रॉलीखाली सावली व ऊब मिळते म्हणून कोणी निजतात. हे कदापि करू नये.

राहुटीचे दार वाऱ्याच्या उलट दिशेस असावे. थंडीतील वारा बहुधा उत्तरेकडून येतो, म्हणून दार दक्षिणेस किंवा पूर्वेस करावे. मेख राहुटीपासून बाहेर कलती ठोकावी. सुताचे व तागाचे दोर दवाने आखडतात व मेख उपटतात. यास्तव निजण्यापूर्वी तणावे किंचित ढिले करावे. नायलॉनचा दोर उलट ओला झाला म्हणजे सैलावतो, तो सकाळी ताणावा. चूल राहुटीपासून व कडब्यापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास असावी.

आवरताना सारा क्रम उलटा. चुलीवर पाणी ओतून राखेवर हात धरून पाहावा. ऊब लागली तर पुन्हा पाणी घालावे. कापड उन्हात वाळल्यावरच गुंडाळावे. ओले बांधल्यास बुरशी धरते. मेखा मोजून घ्याव्या. पुढील मुक्कामी जे प्रथम लागते, ते सर्वांत शेवटी भरावे. कुणी, वंगण व चाकाची धाव पाहावी. कोरड्या हवेत लाकूड आकसून धाव सैल होते, तेव्हा चाकास पाणी पाजावे. बैल जुंपून झाल्यावर किंवा खीळ बसल्यावर टेकू काढावे, आणि उटी सर्वांत शेवटी.

शहरात आता निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या मोटारगाड्या निघाल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली त्यांच्या पर्यटनाचे धोरणही ठरविले. त्यांनाही सपाट जागा व चाकास उटी चुकत नाही. निघण्यापूर्वी गॅसची टाकी बंद करणे एवढे अधिक.

असो. हे सारे करण्यास पाव तास लागतो. तो पाव तास आम्ही त्या रात्री वाचविला होता. त्याची किंमत भगिनी आजवर देत आहेत. वाचकांनी तो वाचवू नये, इतकीच विनंती.