मूठ, कातकामाच्या हत्याराची
लेथवर फिरणाऱ्या लाकडाला आकार देणाऱ्या हत्याराच्या मागील टोकास हातात धरण्यासाठी बसविलेला लाकडी दांडा. नेहमीच्या पटाशीची निमुळती शेपटी मुठीत कायमची ठोकून बसवितात. बदलत्या हत्यारांच्या मुठीत मात्र जाड धातूची नळी पक्की करून तीत हत्याराचा गोल दांडा सरकवितात व नळीच्या बाजूच्या दोन स्क्रूंनी तो आवळतात. यामुळे एकाच मुठीला अनेक पाती लावता येतात, जागा वाचते आणि पाते सुटे करून धार लावणे सोयीचे होते.

लांबी : ही तरफेच्या तत्त्वावर ठरते. हत्यार ज्या आडव्या पट्टीवर टेकवितात ती पट्टी म्हणजे तरफेचा टेकू होय. धार टेकूच्या पुढे ५० मिमी. व हात मागे ५०० मिमी. असल्यास धारेवरील प्रेरणेच्या एक-दशांश प्रेरणेने हत्यार स्थिर राहते. खोल भांडे कोरताना धार २०० मिमी. पुढे गेली, की हाताचे अंतर तेच असूनही चौपट प्रेरणा लावावी लागते. म्हणून पोकळी कोरण्याच्या हत्यारांना लांब, तर बारीक नक्षीकामाच्या हत्यारांना आखूड मूठ लावतात.

लाकूड : ते चिवट, सरळ रेषांचे व गाठींविरहित असावे लागते. रेषा मुठीच्या लांबीला तिरप्या असल्यास धक्क्याने मूठ त्यांच्या दिशेने चिरते. यूरोप व उत्तर अमेरिका येथे ॲश, बीच व मॅपल, तर भारतात बाभूळ, शिसू व धावडा ही लाकडे हत्यारांच्या मुठींसाठी वापरतात. ओले लाकूड वाळताना रेषांच्या आडव्या दिशेने आकसते व त्यावरील कडे सैल होते. म्हणून लाकूड आधी पूर्ण मुरवून घेतात.

कृती : सुमारे ५० मिमी. जाडीच्या चौरस ठोकळ्याच्या टोकास प्रथम नळीच्या बाह्य व्यासाचे छिद्र पाडतात. नंतर त्याच छिद्रात लेथचा शंकू टेकवून ठोकळा कातल्याने मुठीचा व छिद्राचा अक्ष एकच राहतो. क्रम उलटा केल्यास गिरमिट रेषांच्या ओघाने भरकटून हत्यार तिरपे बसण्याचा संभव असतो. पुढील टोक बारीक करून त्यावर पितळी वा पोलादी कडे (वसवी) घट्ट बसवितात. त्यामुळे लाकूड फुटत नाही. नळीचा पृष्ठभाग खरबरीत करून ती इपॉक्सी आसंजकाने चिकटवितात. अडकलेली हवा नळीला मागे ढकलू नये म्हणून तीवर बारीक खाच ठेवतात. स्क्रूंचे आटे लाकडात न पाडता नळीच्या बाहेर राहिलेल्या भागात पाडतात. मूठ कड्यामागे किंचित फुगीर, मध्ये बारीक व शेवटी पुन्हा जाड ठेवल्यास पकड सहज बसते. शेवटी घासकागदाने घासून जवसाचे तेल देतात. चकचकीत रोगणामुळे घामेजलेला हात घसरतो.

दक्षता : धार लाकडात अचानक रुतल्यास सर्व धक्का सांध्यावर येतो. सैल सांध्यातून पाते निसटल्यास गंभीर इजा होऊ शकते. यासाठी दांडा नळीच्या तळापर्यंत सारून स्क्रू आवळावे लागतात, तसेच काम सुरू करण्यापूर्वी सांधा व कडे तपासावे लागते. चीर गेलेली मूठ चिकटवून वापरण्याऐवजी टाकून देणे इष्ट ठरते.