वारा बांध ओळखत नाही

उसात मारलेले तणनाशक शेजारच्या द्राक्षबागेला लागले, ही तक्रार द्राक्षपट्ट्यात नवी नाही. शेतीसल्ल्याच्या कामात मी अशा बागा पाहिल्या आहेत. नवे पान अरुंद होऊन पंख्यासारखे आखडते, शिरा एकमेकींजवळ येतात, कडा करवतीसारख्या टोकदार होतात. बागाईतदाराला वाटते, रोग आला. तो औषधांवर खर्च करत राहतो. खरे कारण बांधापलीकडचे आहे हे कळते, तेव्हा दोन शेजाऱ्यांचे बोलणे बंद झालेले असते.

यात बरेचदा येणारे नाव म्हणजे टू-फोर-डी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शोधलेले हे तणनाशक वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करते. ऊस, मका, गहू ही गवतवर्गीय पिके ते सोसतात. रुंद पानांची तणे वेडीवाकडी वाढून मरतात. पण द्राक्ष, कापूस, टोमॅटो हीसुद्धा रुंद पानांचीच पिके. तणाला लागते त्याच्या अगदी थोड्या अंशानेही त्यांची पाने बिघडतात. शेताला लागून घर असेल, तर परसातल्या टोमॅटोचीही तीच गत.

हे औषध बागेत तीन वाटांनी पोचते. पहिली वाट थेंबांची. साधारण केसाच्या जाडीचा, म्हणजे १०० मायक्रॉनचा थेंब एक मीटर उंचीवरून तीन-चार सेकंदांत जमिनीवर येतो. २० मायक्रॉनच्या थेंबाला सव्वा मिनिटाहून अधिक वेळ लागतो. ताशी ५ किलोमीटर वारा धरला, तर पहिला पाचेक मीटरवर पडेल, दुसरा १०० मीटरच्याही पुढे जाईल. पंपाचा दाब वाढवला आणि कीटकनाशकाचेच बारीक फवाऱ्याचे नोझल वापरले, की असे बारीक थेंब वाढतात. म्हणून तणनाशकाला फ्लॅट फॅन किंवा फ्लड जेट नोझल लावावे, दाब कमी ठेवावा आणि नोझल जमिनीलगत धरावे.

दुसरी वाट वाफेची. टू-फोर-डीचा ईस्टर प्रकार पानावर पडल्यानंतरही उन्हात उडून जातो आणि वाऱ्याबरोबर शेजारी पोचतो. इथे चांगले नोझलही कामाचे नाही. अमाईन सॉल्ट किंवा सोडियम सॉल्ट या प्रकारांची वाफ त्यामानाने फारच कमी होते. तेव्हा दुकानात नुसते ‘टू-फोर-डी द्या’ न म्हणता बाटलीवरचा प्रकार वाचून घ्यावा.

तिसरी वाट आपल्याच पंपाची. तणनाशक मारलेला पंप नुसत्या पाण्याने विसळून बागेत वापरला, तर नळीत आणि टाकीत राहिलेला अंश पुरेसा ठरतो. बाग असलेल्या घरात तणनाशकाचा पंप वेगळाच हवा.

वेळेबाबत एक गैरसमज आहे. थंडीत पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून तीच वेळ चांगली असे अनेकांना वाटते. चुलीचा धूर वर न जाता आडवा पसरलेला दिसला, तर समजावे की जमिनीलगत गार हवेचा थर बसला आहे. बारीक थेंब त्यात तरंगत राहतात आणि हवा हलेल तिकडे सरकतात. त्यापेक्षा ऊन थोडे वर आल्यावर, बागेकडून आपल्या शेताकडे मंद वारा असताना फवारावे. अगरबत्ती पेटवून धुराची दिशा पाहिली तरी कळते. दुपारचे कडक ऊन आणि जोराचा वारा टाळावा.

बागाईतदाराचे काय पणाला लागते, तेही समजून घ्यावे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कोवळी फूट येते. त्याच सुमारास पूर्वहंगामी उसाची लागवड चालते. एप्रिलच्या छाटणीनंतर काडीत पुढच्या हंगामाचे घड ठरतात आणि पाठोपाठ पावसाळी मका येतो. त्या दिवसांतला फटका पुढच्या हंगामातही जाणवू शकतो.

ऊसवाला मुद्दाम करत नाही. खुरपणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच, की फवारणीच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला निरोप द्यावा आणि बागेकडच्या काही ओळी हातानेच खुरपाव्यात. तेवढ्या ओळींच्या खुरपणीत शेजारीही हातभार लावू शकतो.

तरीही बाग आखडलीच, तर भांडणाआधी फोटो काढावेत, तारीख व वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी आणि कृषी खात्याच्या माणसाला बाग दाखवावी. फवारणी करणाऱ्याने बाटली लपवू नये. कोणते औषध होते हे कळले, तर बागाईतदाराचा नको त्या औषधांवरचा खर्च तरी वाचतो.

(संपादित नभोभाषण)