पुरुषांची थायरॉइड-तपासणी : एका आकड्यावर विसंबूं नये

थायरॉइडचा विकार म्हणजे बायकांचा विकार, अशी समजूत सुशिक्षित कुटुंबांतही मुरलेली आढळते. तीस आधार अगदींच नाहीं असें नाहीं. हा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत कितीतरी पटींनीं अधिक दिसतो. परंतु 'अधिक' म्हणजे 'केवळ' नव्हे. घरचा कर्ता पुरुष सुस्त झाला, त्याची उमेद खचली, वैवाहिक सुखाविषयीं तो उदासीन झाला, तर तें सारें आपण वयावर किंवा कामाच्या ताणावर ढकलून मोकळे होतों. विवाहास वर्षें लोटूनही पाळणा हालला नाहीं, तर तपासण्या सुनेच्या होतात. मुलाच्या रक्ताचा थेंबही कोणी मागत नाहीं. यास्तव पुरुषाच्या तपासणीचें पत्रक कसें वाचावें, याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

थायरॉइडला मराठींत अवटु-ग्रंथि म्हणतात. संस्कृत कोशांत 'अवटु' म्हणजे मानेची मागील बाजू. ग्रंथि मात्र कंठाच्या पुढील बाजूस असते. नांवावरून स्थान शोधूं जाणारा जसा फसतो, तसाच एका आकड्यावरून निदान करूं पाहणाराही फसतो. ही ग्रंथि मुख्यत्वें टी-४ हें हॉर्मोन रक्तांत सोडते. तें किती सोडावें याची आज्ञा मेंदूच्या तळाशीं असलेली, वाटाण्याएवढी पोष-ग्रंथि देते. त्या आज्ञेचें नांव टीएसएच. रक्तांतील असे अतिसूक्ष्म अंश मोजण्याची युक्ति सिद्ध केल्याबद्दल रोझलिन यॅलो या विदुषीस १९७७ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. उरलेला अर्धा गिलमिन व शॅली या शास्त्रज्ञांस मिळाला. पोष-ग्रंथीलाही वरून आज्ञा देणारीं मेंदूंतील हॉर्मोनें त्यांनीं शोधून काढलीं होतीं.

आमची हयात वर्गांत गेली, म्हणून दृष्टान्तही तेथलाच देतों. वर्ग आळसावला कीं मास्तर आवाज चढवितात. वर्ग नेटानें काम करूं लागला कीं गप्प बसतात. टीएसएच हा मास्तरांचा आवाज, टी-४ हें वर्गाचें काम. टीएसएच चढलेलें व टी-४ उतरलेलें असेल, तर दोष खुद्द थायरॉइडमध्यें आहे. टीएसएच जवळजवळ शून्य व टी-४ चढलेलें असेल, तर ग्रंथि बेफाम सुटली आहे. हा आवाज विलक्षण संवेदनशील असतो. टी-४ निम्मे झाल्यास टीएसएच सुमारें शंभर पटींपर्यंत चढूं शकतें. म्हणून डॉक्टर प्रथम टीएसएच मोजवितात. प्रौढांत तें साधारणतः ०.४ ते ४ असावें असें मानतात. तथापि प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा थोडी निराळी असते, व उतारवयांत आकडा किंचित् वर सरकतो.

पण मास्तरच आजारी असतील तर? ज्या पुरुषाचें टेस्टोस्टेरॉन कमी आहे आणि वृषणांस आज्ञा देणारीं एलएच व एफएसएच हीं हॉर्मोनेंही चढलेलीं नाहींत, त्याच्या बाबतींत हाच संशय घ्यावा लागतो; कारण दोन्हीं आज्ञा एकाच पोष-ग्रंथींतून सुटतात. अशा माणसाचें टीएसएच २ आलें, तर पत्रकावर लाल खूण नसते व घरचीं माणसें निश्चिंत होतात. परंतु टी-४ खालीं गेलेलें असतांना टीएसएच २ वरच राहावें, हाच तेथें रोग! म्हणून अशा पुरुषांत मोकळें टी-४, म्हणजे फ्री टी-४, सोबत मोजल्यावांचून निर्णय करूं नये. त्यांत डोकेदुखी असेल व बाजूचें दिसेनासें होत असेल, तर पोष-ग्रंथीवर गांठ असण्याचा संभव असतो. तेथें विलंब उपयोगी नाहीं. आणखी एक सावधगिरी जीवनमरणाची आहे. पोष-ग्रंथि दुबळी असतां कॉर्टिसोलही कमी असूं शकतें. त्याची पूर्ति करण्यापूर्वीं थायरॉइडची गोळी सुरू केल्यास प्राणसंकट ओढवूं शकतें.

याच्या उलट प्रकारही घडतो. थायरॉइडच टेस्टोस्टेरॉनचा आकडा बिघडविते. हें हॉर्मोन रक्तांत एका वाहक प्रथिनास बांधून फिरतें. थायरॉइड अति झाल्यास तें प्रथिन वाढतें व एकूण टेस्टोस्टेरॉन फसवें चढलेलें दिसतें; कित्येकदां त्या पुरुषाची छातीही फुगते. थायरॉइड मंदावल्यास प्रथिन घटतें, एकूण टेस्टोस्टेरॉन उतरलेलें दिसतें, आणि प्रोलॅक्टिन वाढून कामेच्छाही मंदावूं शकते. येथें आधीं थायरॉइड सुधारावें, मग टेस्टोस्टेरॉन पुन्हां मोजावें. घाईनें टेस्टोस्टेरॉनचीं इंजेक्शनें घेतल्यास शुक्रजंतूंची निर्मिति बंद पडूं शकते; अपत्याची वाट पाहणाऱ्या दांपत्यास हें केवढें महाग पडेल!

रक्त देण्याचेही नियम आहेत. टीएसएच रात्रीं चढतें व दिवसां उतरतें. टेस्टोस्टेरॉन सकाळीं अधिक असतें. म्हणून प्रत्येक वेळीं सकाळींच रक्त द्यावें. केसांसाठीं बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तें सांगावें, कारण कांहीं पद्धतींत त्यांमुळें टीएसएच खोटें कमी व टी-४ खोटें अधिक दिसतें. मोठ्या आजारपणांत आणि स्टेरॉइड चालू असतांना आलेल्या आकड्यांवर एकदम भरंवसा ठेवूं नये. गोळीची मात्रा बदलल्यावर सुमारें सहा आठवडे थांबून पुन्हां तपासावें. पोष-ग्रंथीच्या रुग्णाची मात्रा मात्र टी-४ पाहून ठरवितात, टीएसएच पाहून नव्हे.

हें लिहिण्यांत वैद्याचें काम गृहस्थानें हातीं घ्यावें असा आमचा हेतु नाहीं. जुनीं पत्रकें तारीखवार लावून ठेवावींत, चालू औषधांची यादी सोबत न्यावी, आणि "केवळ टीएसएच पाहिलें कीं टी-४ही?" एवढें नम्रपणें विचारावें. आणि सुनेला तपासणीस पाठविण्याच्या दिवशींच मुलालाही सोबत पाठवावें. त्यांत कुळाचा कमीपणा कांहीं नाहीं. झाल्यास दोघांचेंही कल्याणच होईल.