समुद्रातील तेल-वायू उत्पादन आणि चंद्रपूर-गडचिरोलीतील सरपणाचा प्रश्न

समुद्रतळाखालील खनिज तेल व नैसर्गिक वायूच्या उत्पादनाचा अभ्यास सामान्यतः किनारपट्टीपुरता मर्यादित राहतो. चंद्रपूर व गडचिरोली हे वनजिल्हे अरबी समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आहेत. तथापि येथील चूल व जंगल यांच्याशीही या उत्पादनाचा संबंध आहे. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० कि.मी. अंतरावरील ‘बॉम्बे हाय’ क्षेत्रात १९७४ मध्ये तेल सापडले व १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर वर येणारा वायू आरंभी पुरेशा सोयींअभावी मोठ्या प्रमाणावर जाळून टाकावा लागे. पुढे समुद्रतळावरील वाहिनीने तो उरणला आणून त्यातून प्रोपेन व ब्यूटेन वेगळे काढले जाऊ लागले. हाच दाबाखाली द्रवरूप केलेला वायू, म्हणजे आपला घरगुती गॅस होय. (गडचिरोलीत पोहोचणारे प्रत्येक सिलिंडर उरणचेच असते असे अर्थातच नाही.)

या उत्पादनाची पर्यावरणीय व मानवी किंमत मोठी आहे. मे १९९३ मध्ये वाहिनी फुटून तेल समुद्रात पसरले. २७ जुलै २००५ रोजी उत्पादन फलाटाला लागलेल्या आगीत २२ जणांचा मृत्यू झाला. मात्र ताळेबंदात केवळ समुद्राची हानी मांडणे अपुरे होय. गॅसअभावी चुलीत जाते ते जंगलातील लाकूड. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत सरपण वा मोहफुले वेचण्यास गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात दगावल्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. मोळी आणण्याचे काम बहुतांशी स्त्रियांचे असल्याने हा धोकाही मुख्यतः त्यांच्याच वाट्याला येतो. घरातील धूर वेगळाच.

वनविभागाच्या योजनांतून व २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गावोगावी जोडण्या पोहोचल्या. परंतु जोडणी मिळणे आणि गॅस वापरणे यांत अंतर आहे. मजुरी व तेंदूपत्त्याच्या हंगामावर चालणाऱ्या कुटुंबास पुनर्भरणाची रक्कम एकरकमी देणे जड जाते, तर सरपण पैशाविना मिळते. शिवाय देशातील घरगुती गॅसचा निम्म्याहून अधिक भाग आयात होत असल्याने त्याची किंमत जागतिक बाजाराशी बांधलेली आहे.

येथे महसुलाचा मुद्दा उपस्थित होतो. संविधानाच्या अनुच्छेद २९७ नुसार सागरी क्षेत्रातील खनिजे केंद्राकडे निहित आहेत. त्यांचे स्वामित्वधन राज्यास मिळत नाही. याउलट चंद्रपूरचा कोळसा व सुरजागडचे लोहखनिज यांच्यासाठी २०१५ च्या कायदेदुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची तरतूद झाली. सागरी उत्पन्नाचा लाभ वनवासी कुटुंबापर्यंत पोहोचण्याचा प्रत्यक्ष मार्ग म्हणजे पुनर्भरणावरील अनुदान होय. म्हणून या जिल्ह्यांत योजनेचे मूल्यमापन जोडण्यांच्या संख्येवर न करता, प्रत्येक कुटुंबाने वर्षात किती सिलिंडर भरून घेतले आणि कोणत्या महिन्यांत घेतले नाहीत, यावरून करणे अधिक योग्य ठरेल.