पहिल्या श्रवणाचा अधिकार

अनोळखी अल्बम हाती आला की तो प्रथम समोरच्या दोन स्पीकरांतून ऐकावा की चहूबाजूंना मांडलेल्या पाच-सहांतून, हा प्रश्न वरवर केवळ यंत्रसामग्रीचा वाटतो. परंतु पहिल्या श्रवणात स्वरांची जी मांडणी कानांवर ठसते तीच पुढे अस्सल म्हणून मनात नांदते आणि नंतरची प्रत्येक आवृत्ती तिच्याच मापाने जोखली जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य उमगते. गेल्या नव्वद वर्षांतील ध्वनिमुद्रणाचा मागोवा घेतला असता या प्रश्नाला लागू पडणारा एक न्याय हाती येतो, असे माझे मत आहे.

या इतिहासाचा आरंभ लंडनमध्ये होतो. एकाच ध्वनीची वार्ता दोन कानांना मिळण्यात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतर पडते आणि तेवढ्यावरून मन दिशेचा निर्णय करते, या निसर्गनियमाचा आधार घेऊन ‘ईएमआय’मधील अभियंता अ‍ॅलन ब्लुमलाइन याने डिसेंबर १९३१ मध्ये स्टीरिओ मुद्रणाच्या पेटंटासाठी अर्ज दाखल केला, आणि १९३४ साली अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत टॉमस बीचम मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीचे संचालन करीत असता त्या पद्धतीचे प्रयोगही केले. तबकडीवरील खाचेच्या एका भिंतीवर डावा आणि दुसरीवर उजवा ध्वनी कोरण्याची युक्ती त्याच पेटंटात नमूद होती. १९४२ मध्ये रडारच्या चाचणीवर असताना विमान कोसळून हा तरुण संशोधक मरण पावला. स्टीरिओ तबकड्या बाजारात रीतसर आल्या त्या १९५८ साली.

परंतु बाजारात येणे निराळे आणि कलावंताच्या मनात स्थान मिळवणे निराळे. साठीच्या दशकात लोकप्रिय संगीतावर सत्ता मोनोचीच होती, कारण रेडिओ आणि बहुसंख्य घरांतील यंत्रे एकाच स्पीकरची होती. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. १९६७ साली त्याच्या मोनो मिश्रणात ते चौघे स्वतः जातीने लक्ष घालीत होते. स्टीरिओ मिश्रण मात्र निर्माता जॉर्ज मार्टिन आणि त्याचे सहकारी यांनी त्यांच्या गैरहजेरीत थोडक्या दिवसांत उरकले. परिणामी ‘शीज लीव्हिंग होम’ हे गाणे मोनोत अधिक द्रुत आणि वरच्या पट्टीत ऐकू येते, तर स्टीरिओत ते संथ आणि खालचे आहे; ज्याने जे आधी ऐकले त्याला दुसरे चुकलेले वाटते. एका कानाने जवळजवळ बधिर असलेल्या संगीतकार ब्रायन विल्सनने १९६६ चा ‘पेट साउंड्स’ मोनोतच रचला, आणि त्याच्या संमतीने त्या अल्बमचे पूर्ण स्टीरिओ रूप प्रसिद्ध व्हायला १९९७ साल उजाडावे लागले.

सत्तरीच्या दशकात स्टीरिओचा अंमल स्थिर होतो न होतो तोच चार स्पीकरांची ‘क्वाड्राफोनिक’ पद्धत पुढे सरसावली. पिंक फ्लॉइडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’मधील ‘टाइम’ या गीताच्या आरंभी घड्याळांचा जो कल्लोळ उठतो तो ध्वनिमुद्रक अ‍ॅलन पार्सन्स याने मुळात क्वाड्राफोनिक ध्वनीच्या प्रात्यक्षिकासाठीच टिपून ठेवला होता, परंतु १९७३ साली जगाने तो ऐकला प्रामुख्याने दोन स्पीकरांतून. त्याच वर्षी ‘द हू’ या वाद्यवृंदाने ‘क्वाड्रोफेनिया’ चार दिशांच्या कल्पनेने योजला आणि अखेर स्टीरिओतच प्रसिद्ध केला. परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धती, महागडी यंत्रे आणि घरात चार स्पीकर मांडण्याची अडचण यांमुळे ती लाट दशक संपण्यापूर्वीच ओसरली. आपल्याकडे चहूबाजूंच्या ध्वनीचा संस्कार घरापेक्षा चित्रपटगृहात अधिक झाला. १९७५ साली मुंबईच्या मिनर्व्हात ‘शोले’ ७० मिलिमीटरच्या पडद्यावर आणि स्टीरिओफोनिक ध्वनीसह झळकला, तेव्हा रेडिओच्या एकाच कर्ण्याला सरावलेल्या कानांना एका नव्या विस्ताराची ओळख पटली.

पुढे १९९९ मध्ये सुपर ऑडिओ सीडी आल्यावर पाच अधिक एक वाहिन्यांच्या मिश्रणांना बहर आला. २००३ साली ध्वनिमुद्रक जेम्स गथ्री याने ‘डार्क साइड’चे असे मिश्रण केले, तर संगीतकार स्टीव्हन विल्सनने २००९ पासून ‘किंग क्रिमसन’ या वाद्यवृंदाचे जुने अल्बम त्याचा सूत्रधार रॉबर्ट फ्रिप याच्या संमतीने नव्याने उलगडले. चित्रपटगृहांत २०१२ मध्ये अवतरलेला डॉल्बी अ‍ॅटमॉस हा चहूबाजूंच्या ध्वनीचा प्रकार २०२१ नंतर तर सामान्य श्रोत्याच्या हेडफोनपर्यंत येऊन पोहोचला. या सर्व खटाटोपात मला सर्वाधिक अर्थपूर्ण वाटते ती जाइल्स मार्टिनची कृती: २०१७ मध्ये ‘सार्जंट पेपर’चे नवे स्टीरिओ मिश्रण करताना त्याने आपल्या वडिलांचे जुने स्टीरिओ बाजूस ठेवून त्या चौघांनी मंजूर केलेले मोनो प्रमाण मानले.

हाच तो न्याय. रचनाकार ज्या मांडणीपुढे बसून होकार देत होते, ती मांडणी पहिल्या श्रवणाची अधिकारी होय. ‘पेट साउंड्स’ची पहिली भेट मोनोत घडावी, ‘डार्क साइड’ची स्टीरिओत; आणि फ्लेमिंग लिप्स या वाद्यवृंदाचा १९९७ चा ‘झायरिका’, जो चार सीडी चार यंत्रांवर एकदम लावून ऐकण्यासाठीच घडवला गेला, तो चार दिशांतूनच ऐकावा, तेथे दोन स्पीकरांचा आग्रह हा अन्यायच ठरेल. याचा अर्थ सराउंड, म्हणजे चहूबाजूंच्या स्पीकरांसाठी केलेली, मिश्रणे गौण आहेत असा मुळीच नाही. त्यांत परिचित गीतात मागे दडलेली दुसरी गिटार बाजूने स्पष्ट पुढे येते, कोरसमधील एकेक कंठ सुटा होतो. मूळ ग्रंथ वाचून झाल्यावर मर्मज्ञ टीका वाचावी तसा तो आनंद आहे, आणि मूळ मुखोद्गत असेल तेव्हाच तो पुरता लाभतो.

म्हणून नव्या श्रोत्याने अल्बम लावण्यापूर्वी तो कोणत्या साली, कोणाच्या देखरेखीखाली आणि किती स्पीकरांपुढे सिद्ध झाला, याची चौकशी अवश्य करावी. यांतील काही माहिती बहुधा वेष्टनावरच छापलेली असते, आणि ती वाचण्यास लागणारी दोन मिनिटे पुढील कित्येक वर्षांच्या श्रवणाला योग्य पाया घालून देतात.