बाप्तिस्म्यानंतरची वाट

तळेऱ्याच्या तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गाला दोन वाटा फुटतात. एक गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूरला जाते, दुसरी विजयदुर्गाकडे उतरते. इथून जवळच देवगड तालुक्यातले पोंभुर्ले आहे, ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांचे जन्मगाव. ६ जानेवारीच्या पत्रकार दिनाला महाराष्ट्र त्यांचे स्मरण करतो. पण १८४३ साली मुंबईत त्यांनी जो झगडा अंगावर घेतला, त्याची आठवण फारशी निघत नाही.

त्या वर्षी नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत अजून अल्पवयीन होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तोही मिशनऱ्यांकडे राहिला, त्यांच्या पंगतीला जेवला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा त्यांच्या हवाली केला. मात्र घर मिळाले तरी जात मिळेना. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, म्हणून बाळशास्त्री उभे राहिले. सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली, बहिष्काराची भाषा झाली. शास्त्रीबुवा मागे हटले नाहीत.

धर्मांतराची चर्चा आपण बहुधा इथेच थांबवतो: कोण गेला, कोणी नेले, कोणाला परत आणले. बाप्तिस्म्यानंतरच्या आयुष्याकडे आपण क्वचितच पाहतो. मराठी ख्रिस्ती इतिहासाचा खरा ऐवज तर त्या नंतरच्या वाटेवरच सापडतो.

हर्णैपासून जालन्यापर्यंत

सिंधुदुर्गात ख्रिस्ती समाज म्हटले की डोळ्यांपुढे येते सावंतवाडीचे मिलाग्रिस चर्च. गोव्याकडून आलेल्या कॅथलिक कुटुंबांची ही पिढीजात श्रद्धा. २००५ साली सिंधुदुर्गाचा स्वतंत्र धर्मप्रांतही झाला. एकेकट्या माणसाने विचार करून, घरदार मागे टाकून केलेले धर्मांतर हा मात्र निराळा प्रवाह. त्याचा उगमही कोकणातच आहे. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली बाणकोटला काम सुरू केले आणि पुढे हर्णैला ठाणे केले. नेस्बिट आणि जॉन विल्सन हर्णैला राहिले, विल्सन मराठी शिकले तेही तिथेच. शाळा, छापखाना, वादविवाद ही त्यांची साधने होती. बाप्तिस्मे थोडेच झाले, पण प्रत्येकाची किंमत मोठी होती. आईबाप तुटत, वारसाहक्क जाई. तो हक्क टिकावा म्हणून सरकारला १८५० साली कायदा करावा लागला.

नारायण शेषाद्रींनी ही किंमत मोजली आणि पुढे काय करायचे याचा शोध घेतला. १८५४ साली ते पाळक झाले. नंतर मुंबई सोडून जालन्याकडे गेले, मांग आणि महार समाजात राहिले आणि तिथे ‘बेथेल’ नावाची वस्ती उभी केली. ज्यांची सावलीही टाळायची असे लहानपणापासून शिकवले गेले, त्यांच्यात घर करणे ही पाण्याखाली डोके घालण्यापेक्षा कितीतरी अवघड दीक्षा होती. ख्रिस्ती मंडळीत ज्याला ‘पाचारण’ म्हणतात, ते हेच. देवाने बोलावले म्हणजे कुठे बोलावले, कोणाकडे बोलावले, याचे उत्तर माणसाला स्वतःच्या आयुष्याने द्यावे लागते.

मिळाला धर्म, पुढे?

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला. लगेच त्यांचे तिथल्या धर्मभगिनींशी खटके उडू लागले. त्रैक्याचा सिद्धान्त त्या निमूट मानेनात, आज्ञापालनाच्या नावाखाली विवेक गहाण ठेवीनात. धर्म मिळाला पण ख्रिस्त भेटायला आणखी आठेक वर्षे गेली, अशा अर्थाची प्रांजळ कबुली त्यांनी उत्तरायुष्यात दिली. १८८९ साली मुंबईत विधवांसाठीचे त्यांचे शारदा सदन निघाले. ते पुण्यात आल्यावर मुलींना बाटवल्याच्या आरोपावरून वादळ उठले. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी विधवा आणि अनाथ मुली केडगावला आणल्या. त्यांची ‘मुक्ती’ ही संस्था तिथे वाढली. अखेरची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे सोपे मराठी भाषांतर करण्यात घालवली आणि मुक्तीतल्या स्त्रियांनी ते छापले. संस्कृत पंडितेने आपली सारी विद्या साध्या बाईला वाचता येईल अशा ओळींसाठी खर्ची घातली.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक यांची वाट आणखी वळणाची. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी मराठी उपासनेत भजन आणि कीर्तन आणले, अभंग रचले. ख्रिस्त परक्या पोशाखातच भेटावा, हे त्यांना मान्य नव्हते. १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून ते साताऱ्याला गेले आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी ते गेले.

लक्ष्मीबाईंची पाच वर्षे

या सगळ्यांत मला सर्वांत मोठी वाटते ती लक्ष्मीबाई टिळकांची वाट. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. काही वर्षे दोघे वेगळी राहिली. एकत्र आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सांभाळले. मग माणसामाणसांतली उच्चनीचता देवाने केलेली नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले. आधी विटाळ सुटला, मग श्रद्धा आली, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली बाप्तिस्मा झाला. टिळकांचे अपुरे काव्य ‘ख्रिस्तायन’ पुढे त्यांनीच पूर्ण केले आणि ‘स्मृतिचित्रे’ लिहून मराठीला एक अजोड आत्मचरित्र दिले.

श्रीपत आणि लक्ष्मीबाई यांना शेजारी ठेवून पाहा. एकाचा निर्णय वडील, मिशनरी, कोर्ट, शास्त्री, सगळ्यांनी घेतला. दुसरीने तो कोणाच्याही हातात जाऊ दिला नाही. राज्यघटनेच्या २५व्या कलमातले सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य म्हणजे लक्ष्मीबाईंना मिळालेली ती पाच वर्षे: दबाव नको, आमिष नको, घाईही नको.

एवढी मोकळीक दिली की समाजाला नव्या ख्रिस्ती माणसाकडे एक गोष्ट जरूर मागता येते, आणि ती त्याच्या मंडळीनेही मागावी. देवाने बोलावले असेल, तर त्या हाकेने तुला कोणाच्या दुःखाजवळ नेले ते दाखव. नारायण शेषाद्री, रमाबाई आणि टिळक दांपत्य यांच्याकडे याचे उत्तर होते, आणि ते त्यांनी मराठी माणसांत राहून, मराठीतच दिले. म्हणून धर्म बदलूनही ते आपल्यातून गेले नाहीत.