पाटीवर ‘इंटरनॅशनल’, वर्गात काय?

शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ आहे म्हणजे अभ्यासक्रमही परदेशी असणार, हा विरारच्या पालकांचा पहिला आणि सर्वांत महागात पडणारा गैरसमज. नाव आणि बोर्ड यांचा काडीचाही संबंध असेलच असं नाही. नावात इंटरनॅशनल आणि संलग्नता सीबीएसईची, अशा शाळा मुंबई आणि आसपास ढिगाने सापडतील. तिथे सहावी ते आठवीची मुलं एनसीईआरटीचा अभ्यासक्रम शिकतात. त्यात वाईट काहीच नाही, फक्त ते फी भरण्याआधी माहीत असावं.

परदेशी बोर्डाचे म्हणावेत असे दोन अभ्यासक्रम आपल्याकडे मुख्यत्वे दिसतात. एक आयबी, म्हणजे १९६८ साली जिनिव्हात स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा, आणि दुसरा केंब्रिजचा. आयबीचा मिडल इयर्स प्रोग्राम १९९४ पासून चालतो आणि तो ११ ते १६ वयाच्या मुलांसाठी आहे. केंब्रिजचा लोअर सेकंडरी टप्पा ११ ते १४ वयाचा. ‘आमची आयबीची प्रक्रिया सुरू आहे’ असं सांगणारी शाळा ‘कॅन्डिडेट’ असते. कॅन्डिडेट शाळेला पुढे मान्यता मिळेलच अशी हमी आयबी देत नाही. अधिकृत शाळांची यादी आयबीच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते, आणि ती पाहायला पाच मिनिटं पुरतात.

दुसरा गैरसमज जास्त खोलवर रुजलेला आहे: या बोर्डांना अभिप्रेत असलेलं जिज्ञासाधारित शिक्षण म्हणजे मुलं मनाला येईल ते करणार आणि बाई बाजूला बसून बघणार. तसं झालं तर मुलं फारसं शिकत नाहीत, हे संशोधकांनीच सांगून ठेवलं आहे. कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी २००६ साली एका गाजलेल्या लेखात मार्गदर्शनाविना शिकण्यावर कडक टीका केली. २०११ मध्ये अल्फिएरी आणि सहकाऱ्यांनी १६४ अभ्यास एकत्र तपासले. मुलांना नुसतं शोधायला सोडून दिलं तर फायदा होत नाही, पण शिक्षकाने टप्प्याटप्प्याने वाट दाखवली तर होतो, असं त्यांना आढळलं.

ही वाट कशी दाखवायची? जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढलं आणि लोकल बंद पडल्या. सातवीच्या वर्गात प्रश्न ठेवता येईल: पाणी नालासोपाऱ्यातच इतकं का तुंबतं? मुलं आपापले अंदाज फळ्यावर लिहितील. कुणी प्लॅस्टिक म्हणेल, कुणी भराव, कुणी भरती. मग शिक्षक भरतीचं वेळापत्रक आणि रोजच्या पावसाचे मिलिमीटरमधले आकडे समोर ठेवतील. आलेख काढणं हा झाला गणिताचा तास. जुन्या नकाशात मिठागरं आणि पाणथळ जागा कुठे होत्या, आज तिथे काय उभं आहे, हा भूगोल. शेवटी महापालिकेला मराठीत पत्र.

पण भरती चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे येते हे रुळांकडे बघून कुठलंही मूल शोधून काढणार नाही. ते फळ्यापाशी उभं राहून शिकवावंच लागतं. आणि गुण उत्तराइतकेच याचेही असतात: आकडे विरोधात गेल्यावर मुलाने आपला अंदाज बदलला का? आदल्या रात्री बाबांनी बनवून दिलेल्या थर्माकोलच्या ज्वालामुखीत हे काहीच नसतं, तरी प्रदर्शनात बक्षीस हमखास त्यालाच.

‘हे सगळं परदेशी आणि पैसेवाल्यांचं’, असंही म्हटलं जातं. ते खरं आहे का हे बघायला विरारहून डहाणूची लोकल पकडायला हवी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. दोन्ही गावं आजच्या पालघर जिल्ह्यातली. वारली मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या शाळाच पाड्याच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली, जिथे गुरं चरत तिथेच वर्ग. साहित्य म्हणजे शंख-शिंपले, बिया, खडे, पानं. ते काम मुख्यतः लहान मुलांसाठी होतं, हे खरं.

पण सहावी ते आठवीचं उदाहरणही आहेच, आणि तेही सरकारी शाळांमधलं. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सोळा उच्च प्राथमिक शाळांत सुरू झाला. मुलं गटाने प्रयोग करत आणि निष्कर्ष स्वतः लिहीत. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा असे, शिवाय प्रात्यक्षिकही द्यावं लागे. पुण्याच्या टेल्कोतले तरुण अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये तिथे गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे नि आगकाड्या जोडून भूमितीचे आकार बनवू लागले. आयबीचा मिडल इयर्स प्रोग्राम तेव्हा जन्मालाही आला नव्हता. राज्य सरकारने २००२ साली हा कार्यक्रम बंद केला, ही त्यातली दुःखाची बाजू. तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये कृती, शोध आणि अन्वेषणातून शिकण्याचं तत्त्व आलंच. ते पहिली ते आठवीला लागू आहे, म्हणजे पालिकेच्या शाळेलाही.

परदेशी बोर्डात मराठी सुटेल ही भीती कायद्यानेच दूर केली आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या कायद्यानुसार कुठल्याही बोर्डाच्या शाळेत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. परीक्षाच नसतात, हेही खोटं. आयबीच्या मिडल इयर्समध्ये प्रत्येक विषय चार निकषांवर तपासला जातो, प्रत्येकी ८ गुण, आणि त्या ३२ पैकी मिळालेल्या गुणांवरून १ ते ७ श्रेणी ठरते. केंब्रिजच्या शाळांना लोअर सेकंडरी टप्प्याच्या शेवटी चेकपॉइंट चाचणी घेता येते.

राहिला ‘सर्वांगीण’ हा शब्द. माहितीपत्रकात त्याचा अर्थ घोडेस्वारी, पोहण्याचा तलाव आणि एसी बस असा असतो. आयबीच्या मिडल इयर्सच्या चौकटीत आठ विषयगट आहेत आणि त्यांत कला, डिझाइन आणि शारीरिक शिक्षणही आहे. त्यांचं मूल्यमापनही विज्ञानासारखंच निकषांवर होतं. हाच विचार २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वेगळ्या वाटेने आला: सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांसोबत. विरारच्या शाळेला त्यासाठी लांब जायला नको. अर्नाळ्यात होड्या दुरुस्त करणारे आहेत, आगाशीत वाड्या राखणारे आहेत. तलाव बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, म्हणूनच बहुधा जाहिरातीत दिसत नाही.

म्हणून ॲडमिशनला जाल तेव्हा फीच्या तक्त्यासोबत तीन गोष्टी मागा: संलग्नतेचा क्रमांक, सातवीच्या मुलाची तपासलेली वही आणि एका प्रोजेक्टचं मूल्यमापन-पत्रक. मुलाचं नाव झाकून ते दाखवता येतं. शाळा टाळाटाळ करू लागली, तर दुसरी शाळा बघा.